पाहुण्यासाठी आणलेला तांदूळ

हे मी कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही. आई गेली तेव्हा शेवटचे काही दिवस तिच्या उशाशी बसून जन्मभराचं सगळं बोलून घेतलं — हे तेवढं नाही बोललो. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल तर बरंच झालं. एकदा नीट ओळखून घ्या.

आधीच सांगतो, माझं डोकं आज ठिकाणावर नाही. काल माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, सगळं. आमच्या नागपुरात आशियाई सिनेमाचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो, त्यात मी वर्षानुवर्षं दुभाष्याचं काम करतो, त्याबद्दल. एकानं भाषणात मला "दोन संस्कृतींमधला पूल" म्हटलं. पूल! मी मान खाली घालून हसलो, सत्काराच्या खुर्चीत बसून हसतात तसा. घरी आलो आणि शाल फेकली कोपऱ्यात. बायको म्हणाली, काय झालं? काही नाही म्हटलं. काही नाही — हे तर मला फार सफाईनं म्हणता येतं.

माझं काम काय, ते सांगतो. मी सदर भागातल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवतो. महोत्सवात कोरियाचा, इराणचा, व्हिएतनामचा पाहुणा येतो, सिनेमा संपल्यावर मंचावर बसतो, लोक प्रश्न विचारतात. तो तोडकंमोडकं इंग्रजी बोलतो, ते मी मराठीत सांगायचं. लोक मराठीत विचारतात, ते मी इंग्रजीत सांगायचं. बस. एवढंच. पाण्याची बादली इकडून तिकडे न्यायची, मध्ये सांडायची नाही. यात कोणाला काय चूक करता येणार?

महोत्सव चालवणारी मंडळी मोठी. शिकलेली, चार देश फिरलेली. प्रभाकरराव त्यांचे म्होरके — मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, बोलणं मऊ, हसणं मऊ. सिनेमा संपला की हॉलच्या व्हरांड्यात कॉफीचे कप घेऊन हे लोक उभे राहतात आणि म्हणतात, "काय मौन होतं नाही त्या फ्रेममध्ये!" मीही म्हणायचो. त्यांच्यासारखंच बोलायचो. 'मले' नाही, 'मला'. 'काहून' नाही, 'का बरं'. घरी आलो की पुन्हा मले आणि तुले. दोन जोडे असतात ना, एक बाहेरचा, एक घरचा — तसं.

आता हेही सांगूनच टाकतो. आमचे आजोबा छप्पन्न साली दीक्षा घेतलेले. घरात बुद्ध आहेत, बाबासाहेब आहेत, पौर्णिमेला खीर आहे. पण आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. व्हरांड्यातल्या मंडळींनी जे समजायचं ते समजून घेतलं होतं आणि मी ते तसंच राहू दिलं होतं. मी खोटं बोललो नाही हो! कोणी विचारलंच नाही — असं मी स्वतःला सांगायचो. थापा. विचारायचे की! "मूळचे कुठले तुम्ही?" या प्रश्नात काय दडलेलं असतं, हे नागपुरातलं शेंबडं पोरगंही सांगेल. मी म्हणायचो, "कुहीकडचे. भातशेती आहे आमची."

भातशेती! विचारलं काय आणि सांगतो काय.

त्या शेतीवर माझी मावशी राहते. आईची धाकटी बहीण, कुही तालुक्यातल्या आमच्या गावात. सातवी शिकलेली. विहारातल्या महिला मंडळाची पुढारी, आणि तोंड असं की जयंतीच्या मंचावर तिनं आमदाराला उभ्या उभ्या घाम फोडलेला. गावात म्हणतात, हिले माईक देऊ नका, आन् देला त वापस भेटन म्हणून समजू नका. लहानपणी मला टायफॉईड झाला, तेव्हा आई दुसऱ्या बाळंतपणात अडकलेली. मला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेणारी, महिनाभर पेज पाजणारी ही मावशी. मला ती 'बाबू' म्हणते. आजही. माझं अर्धं डोकं पिकलं आहे.

तर त्या वर्षी — सात-आठ वर्षं झाली असतील — मी गावी गेलो आणि जेवताना फुशारकी मारली की यंदा जपानचा दिग्दर्शक येतोय, मी त्याचा दुभाष्या आहे.

मावशीचा घास हातातच राहिला. "बुद्धाच्या देशातला मानूस?" ती म्हणाली. "मंग मले बी पाह्यचं हाय त्याले."

काय करता? पास देऊन टाकला. आणि पास देता देता — हे वाक्य मला झोपेतसुद्धा पाठ आहे — मी म्हणालो, "मावशी, तिथं मी कामात राहीन. मले हाक मारजो नको. बाबू त म्हणजोच नको."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं." बस, बरं. एवढं तोंड असलेली बाई, आणि 'काहून' नाही विचारलं.

ती आली. गावातल्या दोघी जणींना घेऊन आली, तिघींच्या अंगावर पांढऱ्या साड्या. आमच्याकडे विहारात, मोठ्या दिवशी नेसतात तशा. बुद्धाच्या देशातला पाहुणा म्हटल्यावर तिच्या हिशेबी तो मोठाच दिवस होता. व्हरांड्यात प्रभाकररावांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आज पब्लिक जरा वेगळंच आलंय." मी हसलो. काय हसायचं होतं त्यात? पण हसलो.

सिनेमा साधा होता. एका जपानी गावात बुद्धाचं देऊळ आहे. देवळातला जुना ढोल फाटतो. नवा ढोल करायला गावाबाहेरच्या एका माणसाला सांगतात — कातडी कमावणारा, बापजाद्यांपासून तेच करणारा. वर्षभर तो त्या ढोलामागे राबतो. कातडं भिजवतो, ताणतो, वाळवतो, पुन्हा भिजवतो. मग उत्सवाचा दिवस येतो. ढोल देवळाच्या अंगणात पहिल्यांदा वाजतो, सगळा गाव नाचतो, आणि तो माणूस आपल्या लेकीचा हात धरून फाटकाबाहेर उभा राहून ऐकतो. आत या, असं कोणी म्हणत नाही. तोही जात नाही. संपला सिनेमा.

मला पहिल्या दहा मिनिटांत कळलं होतं हा कोणाचा सिनेमा आहे ते. नाही कळणार? माझ्या पणज्याचं डफडं होतं. ते पाटलाच्या लग्नकार्यात वाजायचं आणि पणजा मांडवाबाहेर उभा राहून वाजवायचा.

दिवे लागले. दिग्दर्शक मंचावर आला — बारकासा माणूस, कमरेत वाकून नमस्कार करणारा. प्रश्न सुरू झाले. पहिला प्रश्न मौनाबद्दल. दुसरा कॅमेरा हलवला का नाही त्याबद्दल. तिसऱ्यानं प्रश्न विचारलाच नाही, आपण कुठे कुठे कोणते सिनेमे पाहिले ते सांगितलं. मी सगळं इकडून तिकडे नेत होतो, थेंब सांडत नव्हतो.

आणि मागच्या बाजूला पांढऱ्या साडीतला एक हात वर झाला.

वाटलं, माईक तिथपर्यंत पोहोचू नये. पोहोचला. ती उठली. पदर सारखा केला. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली —

"सर."

मला. मला ती सर म्हणाली! मीच शिकवलं होतं ना, हाक मारू नको म्हणून? तिनं पाळलं.

"सर, त्यायले विचारा — तुमचा देश बुद्धाचा ना? मंग ज्यानं ढोल केला, त्याले विहाराच्या भाईर काहून उभं केलं? तुमच्या इकडे बी आमच्यासारखे लोक हायेत का? असंन त त्यायले सांगजा म्हणा, आमी बी हाओत इथं. नागपूरले. आमी भाईर नाई उभे राहात आता."

'काहून'वर मागे कोणीतरी फिसकन हसलं. एकाला हसू आलं की दुसऱ्याला येतं, तसं ते दोन-तीन रांगांत पसरलं. प्रभाकरराव पहिल्या रांगेतून पुढे झुकले आणि मला म्हणाले, "आवरा हो. इथं राजकारण नको."

राजकारण! एक बाई विचारते, बनवणाऱ्याला बाहेर का ठेवलं — हे राजकारण. आणि त्याच माणसाच्या दुःखाला "काय फ्रेम आहे" म्हणायचं, ही मात्र कला. तेव्हाच माईकवरून हे सगळ्यांना सुनवायला हवं होतं मी. पण थांबा, त्यांच्या माथी मारून मोकळा होणार नाही मी. प्रभाकररावांना इंग्रजी येत होतं, खरा प्रश्न सांगितला असता तर त्यांना लगेच कळलं असतं; पण माझ्या तोंडात जीभ माझीच होती.

दिग्दर्शक माझ्याकडे पाहत होता. मी इंग्रजीत म्हणालो: या बाईंना ढोलाचा आवाज फार आवडला. तो कसा बनवतात, असं त्या विचारताहेत.

झालं. हीच ती गोष्ट. एवढंच केलं मी. किती वेळ लागला असेल? नाक शिंकरायला लागतो तेवढा.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा, तिचा उचललेला हात. मग पुन्हा माझ्याकडे. त्याला काहीतरी जुळत नव्हतं, हे मला दिसत होतं. पण पाहुणा बिचारा, दुभाष्यावर विश्वास ठेवणार नाही तर कोणावर? तो ढोलाबद्दल बोलला. लाकूड कोणतं, कातडं किती दिवस भिजवतात, ताणायचं कसं. आणि मी ते सगळं माझ्या मावशीला सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाहून, सुंदर मराठीत. कातड्याबद्दल! तिला! लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रानं माझ्या ओघवत्या भाषांतराचं कौतुकही केलं.

ती उभीच होती. "सर, मी थे नाई विचारलं —" पण माईक काढून घेतलेला होता. आवाज माझ्यापर्यंत आला, पुढच्या दोन रांगांपर्यंतही आला असेल. मी म्हणालो, "वेळ संपत आली आहे, शेवटचा प्रश्न घेऊ या."

तुम्ही म्हणाल, गडबडला असशील, घाबरला असशील. हो, पहिल्यांदा गडबडलो, मान्य. पण दुसऱ्यांदा? तिनं सांगितलं की, मी हे नाही विचारलं. तेव्हा डोकं ताळ्यावर होतं माझं. एक वाक्य बोलायचं होतं — माफ करा, प्रश्न वेगळा होता. जीभ झडली असती का?

आणि अजून संपलं नाही. संपलं असतं तरी काय कमी होतं.

हॉलच्या दाराशी ती आली. माझ्यापासून दोन हात लांब उभी राहिली आणि पिशवीतून कापडाची एक थैली काढली. "सर, हे पाहुण्याले देजा. आपल्या वावरातला तांदूळ हाय. थे बी भातच खातेत म्हणे." मंडळींपैकी जवळ चिटपाखरू नव्हतं हो! तरी सर. मी थैली घेतली. ती आणि तिच्या दोघी मैत्रिणी गेटकडे गेल्या.

मी व्हरांड्यात आलो तर दिग्दर्शक एकटा कोपऱ्यात उभा, माझीच वाट पाहत. त्यानं विचारलं, त्या पांढऱ्या साडीतल्या बाई रागावल्या होत्या का? त्या नक्की काय म्हणाल्या?

बघा, देव मी मानत नाही, पण एवढी संधी तर देवसुद्धा कोणाला देत नसेल. गेटबाहेर रस्त्यापलीकडे तिघी ऑटोची वाट पाहत उभ्या होत्या. मला दिसत होत्या. हाक पोहोचली असती. तांदळाची थैली माझ्या हातात होती.

मी म्हणालो, "नाही नाही. खेड्यातल्या आहेत. त्यांची बोलायची पद्धतच तशी असते."

त्यानं मान हलवली. मग अडखळत अडखळत बोलायला लागला. त्याची आई तसल्याच वस्तीतली होती, म्हणाला. कातडी कमावणाऱ्यांच्या. लग्नानंतर तिनं माहेरच्या गावाचं नाव कधी घेतलं नाही, नवऱ्याच्या नातेवाइकांना ते कधी कळू दिलं नाही. हा सिनेमा घेऊन तो किती तरी गावांत गेला. लोक ढोलाबद्दल विचारतात, कॅमेऱ्याबद्दल विचारतात. त्या माणसाला बाहेर का उभं केलं, हे कोणीच विचारत नाही. आपण होऊन सांगायची हिंमत त्याला होत नव्हती. मनाशी ठरवलं होतं म्हणाला — कुठेतरी कोणीतरी विचारेल, तेव्हा सगळ्यांसमोर सांगेन, की ती माझी आई.

विचारलं होतं रे बाबा! तुला विचारलं होतं, अर्ध्या तासापूर्वी, भरल्या हॉलमध्ये, उभं राहून विचारलं होतं! तू इतक्या गावांत जे शोधत फिरलास ते माझ्या कुहीवरून एसटीत बसून तुझ्यासाठी आलं होतं, तांदूळ घेऊन आलं होतं — आणि मधे मी उभा होतो.

हे सगळं मनात. तोंडानं मी काय म्हणालो सांगू? म्हणालो, "अजून कॉफी घेणार?"

तो दुसऱ्या दिवशी गेला. तांदूळ मी घरी आणला. बायकोनं शिजवला, वास घरभर झाला. कुठून आणला म्हणाली, मावशीनं दिला म्हटलं. खरंच होतं की ते! आणि मी जेवलो. दोनदा भात घेतला. आज त्या घासाची आठवण आली की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते, पण तेव्हा घशाखाली उतरला तो. मावशीनं फोनवर विचारलं, देला का? देला म्हटलं. खूश झाला म्हटलं.

आणि कशासाठी? हे सगळं कशासाठी केलं मी — कालपर्यंत निदान एवढं तरी उत्तर होतं, की त्या मंडळींत माझी जागा राहावी म्हणून. काल सत्काराच्या भाषणात प्रभाकरराव काय म्हणाले ऐका. माझ्या खांद्यावर हात ठेवून, तेच मऊ हसू हसत म्हणाले, "यांच्या समाजातून येऊन जागतिक सिनेमाची इतकी जाण असणं, हे विशेष कौतुकाचं आहे." टाळ्या.

त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. व्हरांड्यातल्या एकूण एक माणसाला माहीत होतं, आणि मी त्यांच्यामध्ये कप घेऊन भातशेती सांगत होतो. "वेगळं पब्लिक" ते माझ्या कानात म्हणाले, ते माहीत असूनच म्हणाले! संताप येतो, अंगाची लाही होते. पण कोणावर काढू? त्यांना माहीत नसतं, मी खरोखर लपून राहिलो असतो, तर मावशीचा प्रश्न गिळणं बरोबर ठरलं असतं का? नाही ना? मग गप बस म्हणतो स्वतःला.

मावशी त्यानंतर महोत्सवाला आली नाही. मी पास दिला नाही असं नाही, दिला. नको म्हणाली.

गेल्या पौर्णिमेला गावी गेलो होतो. विहारातून येऊन सगळे जेवायला बसलो. कोणाच्या तरी सुनेनं विचारलं, आजी, तुमी त्या जपानवाल्याले काय विचारलं होतं म्हन्ते? मावशीनं सगळं सांगितलं. प्रश्न शब्दाला शब्द तोच, 'आमी भाईर नाई उभे राहात आता' इथपर्यंत. मग म्हणाली, त्यानं तांदूळ घेतला, पन उत्तर नाई देलं. ढोलाचं सांगत बसला.

"टाळलंच ना मंग त्यानं," सून म्हणाली. "कसा मानूस वं!"

"नाई वं, तसं म्हनू नको," मावशी म्हणाली. तिचा आवाज एकदम निवला. "मी लय दिवस राग धरला त्याचा. मंग वाटलं, आपल्यातलाच असंन थो. चार लोकायसमोर लाजला असंन बिचारा. असते एखाद्याचं तसं. माफ केलं म्या त्याले."

आणि भाताचं भांडं माझ्याकडे सरकवून म्हणाली, "हाव का नाई बाबू? तू त होता तिथं."

मी म्हणालो, "हाव मावशी. असंन."

आणि भात वाढून घेतला.